बीड लोकसभा मतदारसंघ : १९५२ ते २०२४ या काळातील निवडणुकांचा इतिहास

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद राज्यातून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या आघाडीचे सात उमेदवार लोकसभेवर निवडून आले. त्यांपैकी सहा तेलंगणातील होते आणि सातवा बीडचा. पुढे १९६७ मध्ये याच मतदारसंघाने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार निवडून दिला. याच मतदारसंघात २०१४ साली भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराला ६,९६,३२१ इतके मताधिक्य मिळाले. भारतातील कोणत्याही लोकसभा निवडणुकीत तोपर्यंत एवढे मताधिक्य कोणाला मिळाले नव्हते. या दोन टोकांची संगती कशी लावावयाची, हा बीडच्या निवडणूक-इतिहासातील मुख्य प्रश्न होय. मतदारसंघच लहरी आहे, असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर सोयीचे असले तरी पुराव्याला धरून नाही. बीडच्या मतदाराने पक्ष वारंवार बदलले हे खरे. परंतु ते का बदलले हे पाहू गेल्यास त्यामागे बरेच सातत्य आढळते.

प्रथम भूमीचा विचार करणे इष्ट ठरेल. बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकाठची गेवराई व माजलगाव ही काळी, सखल गंगथडी. पश्चिमेस व दक्षिणेस आष्टी, पाटोदा, केज यांचा खडकाळ माथा. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. निजामी अमदानीत या प्रदेशात जहागिरीच्या गावांचे जाळे होते. प्रौढ मतदानाचा अनुभव तर येथे कोणालाच नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्यात आल्या आणि १९५० मध्ये कुळकायदा आला. म्हणजे मतदार पहिल्यांदा मतपेटीपाशी आला तेव्हा जमीन कोणाची, हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नव्हता.

तथापि १९५२ च्या निकालाचा उलगडा एवढ्यानेच होत नाही. तेलंगणातील फ्रंटच्या विजयामागे सशस्त्र शेतकरी लढ्याची पार्श्वभूमी होती. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्यामुळेच फ्रंटच्या नावाने उमेदवार उभे करावे लागले होते. बीडमध्ये तसा लढा झाला नव्हता. येथे निवडून आलेले रामचंद्र गोविंद परांजपे, ज्यांना लोक बाबासाहेब परांजपे म्हणून ओळखत, हे मुळात राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून आलेले होते. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून १९३५ मध्ये अंबाजोगाईस आले, तेव्हा परांजपे त्यांच्या सहकाऱ्यांपैकी एक होते. सरकारी कागदांत हे गाव मोमिनाबाद या नावाने नोंदलेले असे. तेथील योगेश्वरी विद्यालय ही मराठवाड्यातील स्वातंत्र्य-चळवळीची एक कार्यशाळाच बनली. पुढे स्टेट काँग्रेसमध्ये डावा आणि उजवा असे प्रवाह पडले आणि परांजपे डावीकडे गेले. पहिल्या लोकसभेत स्वामीजी काँग्रेसतर्फे गुलबर्ग्याहून निवडून आले आणि परांजपे विरोधी बाकांवर बसले. एकाच शाळेतील दोन सहकारी अशा रीतीने समोरासमोर आले. तेव्हा बीडचा पहिला कौल हा साम्यवादाचा कौल होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मुक्तिसंग्रामात घडलेल्या एका ओळखीच्या शिक्षकाला तो मिळालेला होता, आणि सत्तेवर आलेल्या काँग्रेसमध्ये जुने वतनदार शिरत असल्याच्या असंतोषाची त्याला जोड होती. मराठवाड्यात असंतोषाचा हा सूर केवळ बीडपुरता नव्हता. परभणीनेही त्याच वेळी शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना निवडून दिले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गाजली. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली. बीडमध्ये मात्र काँग्रेसचे रखमाजी धोंडिबा पाटील निवडून आले. मराठी मुलखाशी जोडले जाणे हीच मराठवाड्याची त्या क्षणीची मोठी प्राप्ती होती आणि ती काँग्रेसच्या राज्यातच झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे आश्चर्य वाटत नाही. १९६२ मध्ये काँग्रेसचेच द्वारकादास मंत्री विजयी झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि तालुक्याच्या पुढाऱ्याच्या हाती रस्ते, शाळा व तगाई यांची सूत्रे आली. ही यंत्रणा एकदा बसली की विरोधी पक्षास येथे जागा उरणार नाही, असा तर्क कोणीही केला असता.

तो तर्क १९६७ मध्ये खोटा ठरला. त्या वर्षी महाराष्ट्रातील ४५ जागांपैकी ३७ जागा काँग्रेसने जिंकल्या. कम्युनिस्ट पक्षाला दोनच मिळाल्या : मुंबईत श्रीपाद अमृत डांगे यांची आणि बीडमध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांची. नाना पाटील हे वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या ग्रामीण भागात चाललेल्या प्रतिसरकारचे ते नेते होते. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले होते. परंतु १९६२ मध्ये ती जागा काँग्रेसचे किसन वीर यांनी घेतली आणि १९६७ मध्ये तेथे स्वतः यशवंतराव चव्हाण उभे होते. ज्या जिल्ह्याने त्यांना घडविले तेथे त्यांना आता वाव राहिला नव्हता, आणि ज्या जिल्ह्याशी त्यांचा जन्माचा संबंध नव्हता त्याने त्यांना लोकसभेवर पाठविले.

ही घटना बीडच्या इतिहासात अपवादात्मक म्हणून बाजूस सारली जाते. वास्तविक तीच सर्वांत बोलकी आहे. परक्या प्रांतातील लढवय्याला ग्रामीण मतदारसंघाने स्वीकारल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. आयर्लंडमधील ईस्ट क्लेअर या शेतकरी मतदारसंघाने १९१७ च्या पोटनिवडणुकीत, नुकतेच तुरुंगातून सुटलेले आणि त्या भागाशी फारसा संबंध नसलेले एमन डी व्हॅलेरा यांना निवडून दिले होते. क्लेअरमध्ये पुढे डी व्हॅलेरांनी आपले कायमचे ठाणे केले. बीडमध्ये तसे झाले नाही. नाना पाटलांच्या रांगड्या, गावकीच्या भाषेतील व्याख्यानाने सभा भारून जात. पण सभेतून पक्ष उभा राहत नाही. बीडचा शेतकरी त्यांच्या मागे गेला तो त्यांच्या पक्षाचा जाहीरनामा पाहून नव्हे. सावकार, पाटील आणि सरकार या तिघांसमोर न वाकलेला माणूस, ही त्यांची ख्याती त्याच्यापर्यंत पोहोचलेली होती. १९७१ च्या इंदिरा-लाटेत काँग्रेसचे सयाजीराव त्र्यंबकराव पंडित विजयी झाले आणि चार वर्षांपूर्वीच्या कौलाचा मागमूसही उरला नाही.

त्यानंतरच्या १९७२ च्या दुष्काळाने जिल्ह्याची घडी विस्कटली. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सहकार्याने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. त्या पक्षाच्या महाराष्ट्रातील तीन विजयी उमेदवारांपैकी मुंबईच्या अहिल्या रांगणेकर यांच्यामागे कामगारवस्ती होती, डहाणूचे लहानू कोम यांच्यामागे वारल्यांची संघटना होती. बुरांडे यांच्यामागे स्वतःचा लोकसंग्रह आणि आणीबाणीविरोधी लाट एवढेच भांडवल होते. याप्रमाणे पंचवीस वर्षांत डाव्या पक्षांनी तीनदा ही जागा जिंकली आणि तीनही वेळा पुढच्याच निवडणुकीत गमावली. किंबहुना पहिल्या सात निवडणुकांत बीडने सात वेगवेगळे प्रतिनिधी पाठविले. एकाही विद्यमान सदस्याला पुन्हा संधी मिळाली नाही. डाव्यांना येथे मते मिळाली, वर्ग मिळाला नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

वर्ग नव्हता असे मात्र नाही. तो जिल्ह्यातच तयार होत होता, पण मतदानाच्या दिवशी तो जिल्ह्यात नसे. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढले तशी उसाच्या तोडणीसाठी मजुरांची मागणी वाढली. ही मागणी पुरविली ती प्रामुख्याने बीड आणि त्यालगतच्या कोरडवाहू तालुक्यांनी. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराला पूर आला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बैलगाडी जुंपावयाची आणि अहमदनगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील फडावर पाचटाच्या कोप्यांत पाच-सहा महिने काढावयाचे, हा शेकडो गावांचा वार्षिक क्रम झाला. नवराबायको मिळून एक कोयता धरला जाई. हिशेब कोयत्याचा, माणसाचा नव्हे. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचेही बांधील व्हावे लागे. या कामात वंजारी समाज मोठ्या संख्येने होता. बंजारा, दलित, धनगर आणि अल्पभूधारक मराठेही होते.

निवडणुकांचे दिनमान यासंदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे. १९५२ ते १९८९ या पहिल्या नऊ सार्वत्रिक निवडणुकांचे मतदान जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, नोव्हेंबर किंवा डिसेंबर या महिन्यांत पडले. म्हणजे गळीत हंगामातच. हंगामाबाहेर झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९१ ची. त्यानंतरच्या निवडणुका, १९९८ चा अपवाद सोडता, एप्रिल ते ऑक्टोबर या काळात झाल्या. स्थलांतर अल्प होते त्या प्रारंभीच्या दशकांत या गोष्टीला फारसे महत्त्व नव्हते. १९७७, १९८० आणि १९८४ मध्ये मात्र ज्यांच्या जीवनावर जिल्ह्याची अर्थव्यवस्था उभी होती, त्यांच्यापैकी मोठा भाग मतदानाच्या दिवशी दुसऱ्याच जिल्ह्याच्या फडात होता. कामगारांच्या पक्षाला बीडमध्ये कामगार का सापडला नाही, याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण असे की, तोडणी-कामगाराचा मालक बीडमध्ये नव्हताच. तो दोनशे मैलांवर होता. गावात होता तो मुकादम, आणि मुकादम बहुधा आपल्याच जातीचा व नात्यातला असे. त्याच्याविरुद्ध संप करणे म्हणजे चुलत्याविरुद्ध संप करणे.

१९८० पासून बीडच्या राजकारणात केशरबाई क्षीरसागर यांचा उदय झाला. राजुरीच्या या केशरकाकू १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन वेळा काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेल्या. सलग दुसऱ्यांदा निवडून आलेल्या त्या बीडच्या पहिल्याच सदस्य. त्यांच्या समाजाची जिल्ह्यातील संख्या अल्प होती. परांजपे आणि मंत्री यांच्याही मागे जातीचे संख्याबळ नव्हते. बीडमध्ये प्रथमपासूनच जातीच्या गणितावर निवडणुका होत, या समजुतीला ही उदाहरणे छेद देतात. काकूंचे सामर्थ्य गावोगावच्या व्यक्तिगत संबंधांत होते. त्यांच्या राजकारणाला एखाद्या सिद्धांताचे नाव देता येत नाही. परंतु दारात आलेल्या माणसाला ओळखणारा प्रतिनिधी ही बीडच्या मतदाराची जुनी अपेक्षा होती आणि ती त्यांनी पुरी केली.

मधल्या १९८९ च्या निवडणुकीत जनता दलाचे बबनराव ढाकणे विजयी झाले. ढाकणे शेजारच्या पाथर्डीचे. जिल्ह्याच्या हद्दीबाहेरून येऊन निवडून आलेले नाना पाटलांनंतरचे हे दुसरे नाव. पाथर्डी आणि आष्टी-पाटोदा यांच्यामध्ये सरकारने रेघ ओढली असली तरी फडावर जाणाऱ्या गाड्यांना ती रेघ ठाऊक नव्हती. ऊसतोडणी कामगारांच्या मजुरीवाढीच्या लढ्यांतून ढाकणे यांचे नाव झाले होते. १९९० मध्ये चंद्रशेखर यांच्या मंत्रिमंडळात ते राज्यमंत्रीही झाले. कोयत्याचा प्रश्न हाती घेणारा माणूस बीडमध्ये निवडून येऊ शकतो, हे या निवडणुकीने दाखवून दिले. त्याचा लाभ मात्र जनता दलाला झाला नाही.

तो झाला परळीजवळच्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे यांना. १९८० मध्ये रेणापूरमधून विधानसभेत गेलेल्या मुंडे यांनी ऊसतोडणी कामगार आणि मुकादम या दोघांनाही एका झेंड्याखाली आणले. कारखान्यांच्या संघाशी दरवाढीच्या वाटाघाटी करणारा नेता आणि आपल्या समाजातून राज्याच्या सत्तेपर्यंत पोहोचलेला माणूस, अशी त्यांची दुहेरी प्रतिमा होती. भारतीय जनता पक्षात त्या काळी माळी, धनगर, वंजारी या समाजांना जोडण्याचे जे धोरण वसंतराव भागवत यांनी आखले, त्याचे मुंडे हे सर्वांत यशस्वी फलित होत. ज्या वर्गाला डाव्या पक्षांनी कामगार म्हणून हाक द्यावयाची होती, त्याला मुंडे यांनी समाज म्हणून हाक दिली आणि ती ऐकली गेली. ही बीडच्या इतिहासातील निर्णायक कलाटणी होय. मजुरीचा प्रश्न त्यात बुडाला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण दरवाढ मिळत गेली. पण उचल, मुकादम आणि कोयता ही चौकट तशीच राहिली.

मार्च १९९५ मध्ये मुंडे उपमुख्यमंत्री झाले. १९९६ मध्ये भाजपने रजनी पाटील यांना आणि १९९८ व १९९९ मध्ये जयसिंगराव गायकवाड यांना बीडमधून निवडून आणले. या रचनेतील चातुर्य ध्यानात घेण्याजोगे आहे. पाया मुंडे यांच्या अनुयायांचा, उमेदवार मराठा समाजातील. जिल्ह्यातील दोन मोठे समाज एकाच चिन्हावर मत देत होते तोवर काँग्रेसला येथे डोके वर काढता आले नाही. रजनी पाटील पुढे काँग्रेसमध्ये गेल्या आणि राज्यसभेवर निवडून आल्या. गायकवाड २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि पुन्हा विजयी झाले. माणूस तोच, चिन्ह निराळे. पक्षबदलूपणाचा दोष मतदाराला देणाऱ्यांनी २००४ च्या निकालाकडे पाहावे. तेथे मतदार जागेवर होता आणि उमेदवार हलला होता.

तेव्हा २००९ मध्ये मुंडे स्वतःच लोकसभेसाठी उतरले. राष्ट्रवादीचे रमेश आडसकर यांचा त्यांनी १,४०,९५२ मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये सुरेश धस यांच्याविरुद्ध त्यांचे मताधिक्य १,३६,४५४ होते. २६ मे २०१४ रोजी ते केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले आणि ३ जून रोजी दिल्लीत मोटार-अपघातात त्यांचे निधन झाले. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी विधानसभेबरोबरच पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही. मुंडे यांच्या कन्या डॉ. प्रीतम मुंडे यांना ९,२२,४१६ आणि काँग्रेसचे अशोकराव पाटील यांना २,२६,०९५ मते पडली. दिवंगत सदस्याच्या जागी घरातील व्यक्ती पाठविण्याची रीत आयर्लंडच्या खेड्यांतही आहे. परंतु एवढ्या प्रमाणात शोक मतपेटीत उतरल्याचे उदाहरण विरळा. हा विक्रम २०२४ पर्यंत अबाधित राहिला. मतदानाची तारीखही विसरता कामा नये : टोळ्या अद्याप गावातच होत्या.

या विक्रमाचा अर्थ मतदारसंघ एकमुखी झाला असा करणे चुकीचे होते. २०१९ मध्ये डॉ. प्रीतम मुंडे यांनी राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे यांच्यावर १,६८,३६८ मतांनी विजय मिळविला, पण सोनवणे यांनाही पाच लाखांवर मते मिळाली. त्याच वर्षी विधानसभेला परळीत पंकजा मुंडे यांचा त्यांचे चुलतबंधू धनंजय मुंडे यांनी पराभव केला. ज्या घराण्याभोवती जिल्ह्याचे राजकारण फिरत होते तेच घराणे दुभंगले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषणास बसलेले मनोज जरांगे यांच्या मंडपावर लाठीमार झाला. जरांगे हे मूळचे बीड जिल्ह्यातील मातोरीचे. ३० ऑक्टोबर रोजी माजलगाव व बीड येथे आमदारांची घरे जाळण्यात आली. इतर मागासवर्गीयांच्या प्रतिसभा सुरू झाल्या. १९९६ मध्ये एका चिन्हावर आलेले दोन समाज आता एका रस्त्यावर समोरासमोर उभे होते, आणि दोघांचीही मूळ तक्रार एकच होती : कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही. गंगथडीचा मराठा कुणबी दाखला मागत होता. माथ्यावरचा वंजारी आपल्या वाट्याचा दाखला राखू पाहत होता. ज्याला फडावर जावे लागते तो दोन्हीकडे होता.

१३ मे २०२४ रोजी मतदान झाले. भाजपने प्रीतम यांच्याऐवजी पंकजा मुंडे यांना उमेदवारी दिली. राष्ट्रवादीतील फुटीमुळे धनंजय मुंडे या वेळी त्यांच्याच बाजूस होते; म्हणजे घराणे पुन्हा एक झालेले होते. सोनवणे शरद पवार यांच्या पक्षातर्फे उभे राहिले. मतमोजणी ४ जून रोजी, गोपीनाथ मुंडे यांच्या दहाव्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी झाली आणि आघाडी वारंवार इकडून तिकडे झुकत ती रात्रीपर्यंत लांबली. सोनवणे यांना ६,८३,९५० आणि पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७ मते पडली. अंतर ६,५५३. अठरा सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक यांत बीडने निवडलेले हे तेरावे नाव. सोनवणे हे केज तालुक्यातील येडेश्वरी साखर कारखान्याचे प्रमुख. ज्या जिल्ह्याचे कोयते सत्तर वर्षे इतरांच्या कारखान्यांसाठी ऊस तोडीत आले, त्याने या वेळी निवडला तो कारखानदार.